तपासली, स्वच्छ आहे

तळ्यावर तिला सगळेच ताई म्हणायचे. साहेब म्हणायचे, पंपवाला म्हणायचा, तिच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा म्हणायची. पण खरी ताई ती एकीचीच होती, आणि ही गोष्ट त्या एकीपायी घडली. सहा वर्षांनी धाकटी बहीण. घरात तिला बारकी म्हणत. अडतीस वर्षांची झाली, अंगाने ताईच्या दीडपट झाली, तरी बारकीच.

ताईचं काम म्हणजे तळ्यात उतरून गवत उपटायचं. हसू नका. हसणारे पुष्कळ भेटले तिला, आणि त्यातला एकही गळ्याइतक्या पाण्यात अर्धा तास उभा राहू शकला नाही.

गवत म्हणायची आपली पद्धत. झालं असं होतं, की कुणा हौशी माणसाने घरात काचेच्या पेटीत मासे पाळले. हौस फिटली तशी त्याने ती पेटी तळ्यात नेऊन रिकामी केली. माशांचं काय झालं देव जाणे, पण पेटीत शोभेला लावलेलं झाड तळ्याला असं काही मानवलं की विचारू नका. मांजराच्या शेपटीसारखं झुबकेदार, हिरवंगार, आणि दिसायला इतकं देखणं की नवखा माणूस म्हणायचा, राहू द्या की, काय वाईट आहे? कामावरच्या बायका त्याला शेपटी म्हणायच्या. पुस्तकातलं नाव लांबलचक होतं, ते फक्त साहेबांना यायचं. शेपटीला वाढायला बी लागत नाही. तुकडा पुरतो. काडीवर बांबूसारखी बारीक बारीक पेरं असतात, त्यातलं एक पेर चिखलाला टेकलं की फुटली मुळं. दोन उन्हाळे गेले की पाण्यावर चटई. खाली अंधार, मासे गुदमरलेले, पंपाचं तोंड बुजलेलं आणि गावभर नळाच्या पाण्याला वास.

म्हणून ती ओढून चालत नाही. ओढली की तुटते, आणि तुटली की एकाच्या दहा होतात. ताईची पद्धत अशी: मास्क लावायचा, तोंडात नळी धरायची, काडीवरून बोटं फिरवत खाली जायचं, चिखलात अंगठा घालून मूळ सुटं करायचं, मग सगळी शेपटी हाताभोवती गुंडाळत वर आणायची आणि जाळीच्या पिशवीत कोंबायची. वर दुसरी बाई छोटं जाळं घेऊन तरंगत असते, निसटलेले तुकडे टिपायला. ही पद्धत कुणी शिकवलेली नव्हती. ताईने स्वतः चुका करकरून बसवलेली होती.

तळ्याचा एक हात डोंगराच्या कुशीत आत शिरलेला होता. त्याला आतलं पाणी म्हणत, आणि उरलेल्याला मोठं पाणी. गावाचा पंप आतल्या पाण्यात. दोन पाण्यांच्या मधे तळापर्यंत जाळीचा पडदा. ताई आणि तिच्या हाताखालच्या तीन बायका यांनी बारा वर्षं खपून आतलं पाणी मोकळं केलं. बारा वर्षं, वीतभर वीतभर. शेवटची दोन वर्षं तर तिथे शेपटीचं एक पानसुद्धा सापडलं नव्हतं. तळातली जुनी गवतं परत उगवली, त्यांच्यात बोटभर मासे फिरायला लागले. ताईला पोरंबाळं नव्हती. कुणी विचारलं तर ती आतल्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणायची, "ते काय, बारा वर्षांचं झालंय."

आणि बारकीला तळ्यावर आणलं कुणी? ताईनेच. बारकी एका गोदामात सामान उचलायचं यंत्र चालवायची. मोठ्या पाण्यासाठी कापणीची बोट येणार असं कळलं, साहेबांना जड यंत्रावर हात बसलेलं माणूस हवं होतं, आणि आईने ताईच्या मागे टुमणं लावलं, "तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे, बहिणीसाठी एवढं कर." ताईने शब्द टाकला. बारकी सहा आठवडे परगावी जाऊन शिकून आली आणि बोटीवर चढली.

बोट काय होती! पुढे दातेरी पाती, त्यामागे उतरता पट्टा, कापलेली शेपटी पट्ट्यावरून सरसर वर चढून मागे ढीग. आठवड्याभरात मोठ्या पाण्यावरची चटई गायब. लोक पोरंबाळं घेऊन काठावर बघायला यायला लागले. पोरं हात हलवायची, बारकी भोंगा वाजवायची. वर्तमानपत्रात फोटो आला, सुकाणू धरलेली बारकी, केस वाऱ्यावर, आणि खाली मोठ्या अक्षरात 'तळ्याची लेक'.

लेक! बारा वर्षं जी तळ्याच्या चिखलात अंगठे घालत होती ती मग कोण, मोलकरीण? पण पाण्याखालच्या माणसाचा फोटो काढतं कोण? दिसली तर एक नळी दिसणार.

सरळच सांगते, ताई जळली. तळपायाची आग मस्तकात गेली. आणि वाईट म्हणजे तिला तक्रारीला जागाच नव्हती. बोट मुळं काढत नाही, तुकडे पसरवते, हे ताईने साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगदी बरोबर आहे ताई. मोठ्या पाण्यात शेपटी आता कायमचीच, तिथे आपण नुसते केस कापतोय. मुळाचं काम तुमचं." बारकीला सांगितलं तर तीही म्हणाली, "मी न्हावी गं, डॉक्टर तू." दोघंही मान्य करून मोकळे. आता भांडायचं तरी कुणाशी?

आई राहायची ताईकडे. तिची औषधं, तिचे गुडघे, तिची कुरकुर, सगळं ताईच्या वाट्याचं. आईने तो फोटो कापून फ्रिजच्या दारावर चिकटवला. ताईच्या घरात, ताईच्या फ्रिजवर! दूध काढायला गेलं की बारकी, दूध ठेवायला गेलं की बारकी. ताईचा नवरा टायरची पंक्चरं काढायचा, शांत माणूस. तो म्हणाला, "अगं, तुझाही लावू की एखादा. लग्नातला आहे." ताई त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

तशात पंपाच्या तोंडाची लोखंडी जाळी बदलायची वेळ आली. जाळी जड, ती उचलायला बारकीच्या बोटीवरचा उचलदांडा हवा. म्हणजे मोठ्या पाण्यातली बोट आतल्या पाण्यात न्यायची. त्यासाठी ताईनेच कधीकाळी घालून दिलेला नियम होता. बोट गाडीवर चढवून बाहेर काढायची, गरम पाण्याच्या झोताने धुवायची, पाच दिवस उन्हात वाळवायची. मग ताईने ती बोट बोटाने आणि विजेरीने तपासायची आणि कागदावर लिहायचं, 'तपासली, स्वच्छ आहे', खाली सही. दुसऱ्या दिवशी आतल्या उतारावर साहेबांनी पुन्हा एकदा बघायचं आणि मगच बोट पाण्यात.

तपासणीच्या दिवशी सकाळी आई चहा घेता घेता फ्रिजकडे बघून म्हणाली, "बारकीने नाव काढलं हो आपलं."

ताईच्या तोंडून निघून गेलं, "आणि मी?"

"तू काय गं," आई म्हणाली, "तू आहेसच."

आईने ते प्रेमानेच म्हटलं होतं, हे ताईलाही कळत होतं. पण घरातल्या जुन्या कपाटालाही माणूस तसंच म्हणतो, आहेच. चहा तसाच ठेवून ती कामावर निघाली.

बोट तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत गाडीवर उभी होती. बारकीने धुण्यात कसूर केली नव्हती, हे ताईला पाहताक्षणी कळलं. पाती लखलखत होती. पट्ट्याच्या फटीफटीतून तिने ब्रश फिरवला होता. ताई पाठीवर झोपून बोटीखाली सरकली आणि तळापासून सुरुवात केली. तळ झाला, पाती झाली, पट्टा झाला. वर बोटीवर बारकी, साहेब आणि पंपवाला यांच्या गप्पा चालल्या होत्या.

"पुढच्या वर्षीपासून दोन्ही पाण्यांचं काम एकत्र करायचा विचार आहे," साहेब सांगत होते. "देखरेखीला बारकीबाई. त्यांना यंत्राचं कळतं आणि लोकांशी बोलायचंही."

"अहो साहेब, ताईवर मी काय देखरेख करणार?" बारकी म्हणाली. "ती मला अजून कान धरून उभी करेल." सगळे खळखळून हसले.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. ताईने पट्टा ज्यांच्यावर फिरतो त्या रुळांपैकी शेवटच्या रुळावर विजेरी मारली. रुळाच्या कडेला मोठा बोल्ट, बोल्टामागे चिंचोळी खाच, खाचेत थोडी ओल राहिलेली. आणि त्या ओलीत शेपटीचा तुकडा. हिरवा. जिवंत.

तिची दोन बोटं सवयीने वर गेली. चिमटीत धरायचा, बाहेर काढायचा, बारकीला दाखवायचा, बारकी जीभ चावून म्हणणार, "बाई गं, हा कसा सुटला?" आणि विषय संपला. दहा वेळा असं झालं असतं तर दहाही वेळा ताईने तेच केलं असतं. पण वरती ते अजून हसत होते.

बोटं थांबली.

उद्या साहेब बघणारच आहेत, तिच्या मनाने म्हटलं. भर लोकांत बघणार. पंपवाला असेल, बायका असतील. साहेब विजेरी मारतील आणि म्हणतील, काय हो बारकीबाई, हे काय? धुतली कुणी? बारकीने. वाळवली कुणी? बारकीने. ताईंनाही दिसला नाही म्हणतील, म्हणू देत. बारा वर्षांत एक सुटला तर कोण बोलणार आहे? तुकडा पाण्यात पडणार नाही, कुणाचं काही बिघडणार नाही, फक्त तळ्याच्या लेकीचं नाक तेवढं खाली होईल. एकदाच. एवढंच हवं होतं तिला, जास्त नाही.

ती बोटीखालून बाहेर सरकली, कपडे झटकले आणि कागदावर लिहिलं, 'तपासली, स्वच्छ आहे'. सही केली. बारकीने वरून हात दिला, "दमलीस गं. ये, पाणी घे." ताईने पाणी घेतलं.

दुसऱ्या दिवशी आतल्या उतारावर सगळे जमले. साहेबांनी खिशातून विजेरी काढली. ताई त्या विजेरीकडे बघत राहिली. आता वाकतील, आता बोलतील. साहेब वाकले, गुडघा कटकन वाजला, तसे पुन्हा सरळ झाले आणि म्हणाले, "कागद कुठाय?"

कागद दिला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. "तपासली, स्वच्छ आहे. ताई." मग हसून विजेरी खिशात टाकली. "मग मी काय डोंबल बघणार? ताईंच्या नजरेतून सुटलेलं मला दिसणार होय? सोडा बोट!"

हे काही ताईच्या हिशेबात नव्हतं. माणसं दुसऱ्याच्या कामावर शंका घेतात, तिच्या कामावर कुणी घेतच नव्हतं. गाडी मागे सरकली, बोटीचं शेपूट पाण्याला लागलं. थांबा, एवढाच शब्द. ताईच्या ओठांवर आला होता तो. पण थांबा म्हटलं की का थांबा ते सांगावं लागणार, आणि कालपासून का नाही सांगितलं तेही. सुकाणूवरून बारकीने हात हलवला. "ताई, येतेस एक चक्कर मारायला?"

"नको," ताई म्हणाली. तेवढंच म्हणाली.

संध्याकाळी जाळी बसवून बोट बाहेर निघाली ती तडक मोठ्या पाण्यात. रुळाजवळ जायची संधीच मिळाली नाही. तुकडा अजून बोल्टामागे आहे की पडला, आणि पडला तर कुठे, हे कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ताई काम संपल्यावर एकटीच आतल्या पाण्यात उतरायला लागली. बायकांना सांगायची, मासे मोजतेय. जाळी बसवताना चिखल ढवळला गेला होता, हातभर पलीकडचं दिसत नव्हतं. चाचपडत चाचपडत ती पंपाच्या तोंडापासून पडद्यापर्यंत जायची आणि परत यायची. घरी तिचं लक्ष लागेना. आईची औषधं देताना बाटली लांब धरून बघत राहायची, मीठ समजून साखर टाकायची, पायरी चुकून दोनदा पडली. नवरा म्हणाला, "तब्येत दाखव." ती म्हणाली, "तू तुझे टायर बघ."

नऊ आठवड्यांनी तिच्या बायकांतली एक पंपाजवळ वर आली आणि तिने हात उंच केला. हातात शेपटी होती, कोपरापर्यंत लांब. खाली पंपाच्या पाठीमागे, जिथे ताई शोधायला गेलीच नव्हती, पलंगाएवढा पट्टा पसरला होता. ताईने आणि तिघींनी तो चार दिवसांत उपटला, पण तोवर त्याचे तुकडे पंपाच्या ओढीने फिरले होते. महिनाभरात आतल्या पाण्यात अकरा जागा निघाल्या. बोटभर मासे ज्या गवतात फिरायचे त्या गवतात शेपटी गुंतली, एक उपटायला गेलं की दुसरंही हातात येई. ताई वर येऊन मास्क काढायची तेव्हा मास्कच्या आत पाणी असायचं, आणि बायकांना वाटायचं काच गळतेय.

साहेबांनी आपल्या खोलीत दोघी बहिणींना बोलावलं. टेबलावर तो कागद. ते ताईकडे न बघता बोलत होते, कारण बघायची त्यांनाच लाज वाटत होती. "ताई, मला विचारावंच लागेल. त्या दिवशी बोट..."

"साहेब, चूक माझी," बारकी मधेच म्हणाली. "ताईने तपासली तेव्हा बोट स्वच्छच होती. संध्याकाळी मला वाटलं, पट्टा जाम झालाय का बघावं, म्हणून मी एकटीने बोट मोठ्या पाण्यात उतरवली, फिरवून बघितली आणि परत चढवली. कुणाला बोलले नाही. त्यातच आला असणार."

ताईने मान वर केली. हे धादांत खोटं होतं. त्या संध्याकाळी बारकी ताईच्याच घरी आईचे पाय चेपत बसली होती. साहेबांचा चेहरा कठोर झाला. नियम माहीत होता ना, सही झाल्यावर बोट हलवायची नाही हे माहीत होतं ना, असं ते विचारत गेले आणि बारकी हो, हो म्हणत गेली. आणि ताई? ताई गप्प बसली. खोटं कशाला सांगू, पहिला क्षण तर तिला बरंच वाटलं. हेच तर हवं होतं, नाक खाली. पण ही बया खोटं का बोलतेय, ते तिला कळेना.

बारकीला बोटीवरून काढलं. ती परत गोदामात लागली. आईने फ्रिजवरचा फोटो स्वतःच्या हाताने काढला आणि दिवसभर डोळ्याला पदर लावून बसली, "माझ्या बारकीचं नशीबच फुटकं." आता हसावं की रडावं! बाराच्या बारा वर्षांचं पाणी गेलं ताईचं, आणि आईचे अश्रू तरीही बारकीलाच. मत्सर मेला की नाही? नाही मेला. त्या दिवशीसुद्धा ताईच्या पोटात तो होताच, आणि त्याची तिला स्वतःला किळस आली.

पुढच्या आठवड्यात बारकी सुटीच्या दिवशी दारात उभी. "चल ताई, चपला घाल. वेळ ठरवलीय."

"कसली?"

"चल तर."

चष्म्याचं दुकान चार गल्ल्या पलीकडे होतं. बाहेरच्या खोलीत एक बाक, भिंतीवर चष्म्यांच्या रांगा. बाकावर बसल्यावर बारकी हळू आवाजात म्हणाली, "आता चिडू नकोस. जाळी बसवली त्या संध्याकाळी मी रुळाला तेल घालत होते. बोल्टामागे शेपटीचा एक तुकडा होता, तुटका, वाळायला लागलेला. बाकीचा गळून पडला असणार, हे तेव्हाच कळलं मला. मी धुताना सोडला तो, ते माझं. पण तुझ्या नजरेतून सुटला! तुझ्या! मग मी बघायला लागले. औषधाची बाटली लांब धरतेस. पायऱ्या चुकतेस. तळ्यात रोज चाचपडत बसतेस, पंपवाल्याने सांगितलं मला. अगं, चाळिशी लागलीय तुला, दुसरं काय? सगळ्यांनाच लागते. पण साहेबांना कळलं असतं की ताईंना दिसत नाही, तर तुला परत पाण्यात उतरू दिलं असतं का? मला काय, मी उद्या दुसरं यंत्र चालवेन. तुझं काय गं, तुझं तेवढंच आहे."

ताईला बोलायचं होतं, तेवढ्यात आतून हाक आली.

चष्मेवाली बाई बोलायला गोड. ताईला खुर्चीत बसवून तिने हातात वाचायचं कार्ड दिलं. वर ठसठशीत अक्षरं, खाली खाली बारीक होत गेलेली. बारकी शेजारी उभी राहिली, हात ताईच्या खांद्यावर. "वाचा, ताई," चष्मेवाली म्हणाली. तीही ताईच म्हणाली.

ताईने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचली. खांद्यावरचा हात धीर देत थोपटत होता. चौथ्या ओळीवर थांबायचं, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, पुढचं नाही दिसत. बस्स. एक चष्मा लागणार, तो नाकावर ठेवायचा, साखरेला साखर आणि मिठाला मीठ म्हणायचं. कुणाला कधीच काही कळलं नसतं. आणि बारकी जन्मभर तिला सांभाळून घेत राहिली असती, रस्ता ओलांडताना हात धरत, आपली अधू झालेली ताई म्हणून. दया नको होती ताईला, हे खरं. आणि खोटं आता पेलत नव्हतं, हेही खरं. यातलं आधी काय, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिने चौथी ओळ वाचली. पाचवी वाचली. शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची, तीही न अडखळता वाचली. मग कार्डाच्या अगदी कडेला छापखान्याचा पत्ता होता, तोही वाचला.

"अरे वा!" चष्मेवाली हसली. "तुम्हाला कसली चाळिशी? माझ्यापेक्षा चांगलं दिसतंय तुम्हाला. डोळे अगदी ठणठणीत आहेत." आणि ती कार्ड घेऊन बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे गेली.

"बघ, मी उगाच घाबरले," बारकी म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. खरोखर आनंद झाला होता तिला. "अगं, म्हणजे डोळ्यांना काही नाहीच तुझ्या! मग तो..."

ती थांबली. खांद्यावरचा हात तिथेच होता, पण थोपटणं थांबलं.

"मला दिसला होता," ताई म्हणाली. "तपासताना. मी तसाच ठेवला."

बाहेर कुणीतरी चष्मा घालून आरशात बघत होतं आणि चष्मेवाली म्हणत होती, शोभतोय हो. बारकीने हात काढून घेतला. तिने ताईकडे बघितलं, रागाने नाही, हिशेब लागत नसलेल्या माणसासारखी.

"का गं?"

"साहेबांना सापडावा म्हणून. तुझा पाणउतारा व्हावा म्हणून. तो फोटो, ती देखरेख... माझ्याच्याने बघवत नव्हतं तुझं."

"पण मी काय केलं होतं तुझं?"

"काही नाही," ताई म्हणाली. "तू काहीच केलं नव्हतंस."

बारकी खुर्चीच्या दांडीवर टेकली. पुन्हा बोलली तेव्हा तळ्यावर कुणी काही सापडलं म्हणून आणून दाखवलं की विचारतात तसं विचारलं. "केवढा होता?"

"बोटाएवढा."

"पेरं किती?"

"चार."

"मोजलीस?"

ताईने मान डोलावली.

"म्हणजे घाईत नव्हतं झालं," बारकी म्हणाली, आणि पिशवी उचलून एकटीच बाहेर गेली.